ताज्या हर्ब्ससह अख्खी कोंबडी घरी भाजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अख्खी कोंबडी भाजणं वाटतं तेवढं अवघड नाही. बिघडते ती बहुतेक वेळा ओव्हन सुरू करण्याआधीच. कातडी ओली राहते, मीठ ऐनवेळी लागतं आणि नाजूक पानं वरून पसरली जातात. म्हणून खालच्या उत्तरांत आदल्या दिवशीच्या तयारीबद्दल बरंच लिहिलं आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे मापं दीड किलोच्या, कातडीसकट कोंबडीची आहेत.

केवढी कोंबडी घ्यावी?

सव्वा ते पावणेदोन किलोच्या दरम्यानची. दीड किलोत चार जणांचं जेवण आरामात होतं. दोन किलोंच्या वरची कोंबडी आतपर्यंत शिजायला इतका वेळ घेते की तोवर बाहेरचं मांस कोरडं पडतं. माणसं जास्त असतील तर एक मोठी आणण्यापेक्षा दोन मध्यम आणा आणि ट्रेमध्ये दोघींच्या मध्ये हवा खेळेल एवढी जागा सोडा.

घेताना कातडी फाटलेली नाही ना, हे बघा. पॅकेटवर मिठाचं पाणी टोचल्याचा उल्लेख असेल तर पुढे सांगितलेलं मीठ निम्म्यावर आणा.

भाजण्याआधी कोंबडी धुवायची का?

नाही. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू असू शकतात. नळाखाली धरली की त्यांचे शिंतोडे सिंकवर, ओट्यावर आणि शेजारी ठेवलेल्या भांड्यांवर उडतात. धुण्याने जिवाणू मरत नाहीत, ते नीट शिजवल्यावर मरतात. शिवाय जी कातडी आपल्याला कोरडी हवी आहे, तीच आपण भिजवून ठेवतो.

किचन पेपरने बाहेरून आणि पोटातून नीट टिपून घ्या. पोटात काळीज-पेटा यांची छोटी पिशवी असेल तर ती काढा. वापरलेले कागद लगेच कचऱ्यात टाका आणि हात, सुरी, फळी साबणाने धुवा. कोंबडी ज्या फळीवर ठेवली, तिच्यावर धुतल्याशिवाय हर्ब्स चिरू नका.

गोठवलेली कोंबडी थेट ओव्हनमध्ये टाकली तर?

शिजेल, पण निम्मा वेळ जास्त लागेल, मीठ आत जाणार नाही आणि कातडीखाली हर्ब्स घालता येणार नाहीत. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, तेच राहून जाईल. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवून वितळू द्या. दीड किलोच्या कोंबडीला साधारण एक पूर्ण दिवस लागतो. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर ३० मिनिटांनी पाणी बदला. दोन-तीन तासांत काम होतं, मात्र अशी वितळवलेली कोंबडी लगेच शिजवावी. ओट्यावर तशीच ठेवून वितळवू नका. आतला भाग गोठलेलाच असतो आणि बाहेरचा भाग जिवाणू वाढायला पुरेसा गरम झालेला असतो.

मीठ कधी लावायचं आणि किती?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. मीठ आदल्या दिवशी लावायचं.

कोंबडीच्या वजनाच्या एक ते सव्वा टक्का, म्हणजे दीड किलोला १५ ते १८ ग्रॅम. बारीक मिठाचा एक सपाट चमचा साधारण ६ ग्रॅमचा धरला तर अडीच ते तीन छोटे चमचे. आकडा जास्त वाटेल, पण ते एवढ्या मोठ्या पक्ष्यात सगळीकडे पसरणार आहे. छातीच्या जाड भागावर आणि मांड्यांवर हात मोकळा ठेवा, पंखांवर आखडता घ्या, पोटाच्या आतही थोडं चोळा. मग कोंबडी जाळीवर, जाळी ट्रेमध्ये, आणि ट्रे फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तयार खाण्यावर काही ठिबकणार नाही. वर झाकण घालू नका.

पहिल्या तासाभरात कातडीवर पाणी सुटलेलं दिसेल. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. काही तासांनी तेच खारं पाणी परत आत शिरतं. आत गेलेलं मीठ मांसातल्या प्रथिनांची घट्ट वीण सैल करतं, त्यामुळे भाजताना मांस कमी आकसतं आणि कमी रस सोडतं. इकडे फ्रिजमधली कोरडी हवा कातडीवरचा ओलावा ओढून घेत असते. दुसऱ्या दिवशी कातडी हाताला कोरडी, थोडी ताणलेली आणि जरा पारदर्शक लागते. अशी कातडी ओव्हनमध्ये कुरकुरीत होते.

एक रात्र उत्तम, दोन रात्रीही चालतात. तेवढा वेळ नसेल तर निदान दोन तास आधी लावा. अर्धा तास आधी लावणं मात्र सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत गेलेलं नसतं. अगदीच घाई असेल तर मीठ ओव्हनमध्ये ठेवण्याच्या क्षणी लावा.

मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत कशी?

मांस रसाळ होतं यात शंका नाही. पण त्यातला बराचसा रस म्हणजे नळाचंच पाणी असतं, त्यामुळे कोंबडीची स्वतःची चव पातळ होते आणि कातडी भिजून जाते. त्यात एवढं मोठं पातेलं फ्रिजमध्ये मावायला हवं. मी कोरड्या मिठाच्या बाजूने आहे.

कोणते हर्ब्स घ्यावेत?

हर्ब्सचे दोन गट मनात पक्के केले की अर्धे प्रश्न सुटतात.

पहिला गट चिवट पानांचा आणि काष्ठमय देठांचा: रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगॅनो, तमालपत्र. यांच्यातली सुगंधी तेलं तासभराच्या आचेला टिकतात आणि चरबीत मुरतात. दुसरा गट मऊ पानांचा: पार्सली, बेसिल, कोथिंबीर, पुदिना, शेपू, चाइव्ह्ज. यांचा वास फार लवकर उडतो. तासभर भाजलं तर काळपट चोथा उरतो आणि चव गवतासारखी लागते.

तेव्हा पहिला गट भाजताना आणि दुसरा भाजून झाल्यावर. दोन्ही वापरा. भाजलेल्या थाइमची खोल चव आणि वरून भुरभुरलेल्या पार्सलीचा ताजेपणा एकत्र आला की ताटातली कोंबडी वेगळीच लागते.

पहिल्यांदा करत असाल तर थाइमपासून सुरुवात करा. कोंबडीशी त्याचं छान जमतं आणि थोडं जास्त पडलं तरी बिघडत नाही. थाइममध्ये थायमॉल असतं, तेच ओव्यातही असतं, म्हणून तो वास आपल्याला ओळखीचा वाटतो. रोझमेरी फार तीव्र. दीड किलोला बोटभर लांबीच्या दोन काड्यांची पानं खूप झाली, त्यापुढे राळेसारखा उग्रपणा येतो. सेजची तीन-चार पानं लोण्यासोबत सुरेख लागतात, जास्त घातली तर कडसर. ओरेगॅनो घालणार असाल तर लिंबू आणि लसूण जरा वाढवा. चारही एकदम घालायचा मोह टाळा. एक मुख्य ठेवा, एक जोडीला घ्या.

पानं देठावरून पटकन कशी काढायची?

काडीचं टोक एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पानं वाढीच्या उलट दिशेने ओढा. थाइम आणि रोझमेरी दोन्ही अशी सुटतात. रोझमेरीची पानं बारीकच चिरायला हवीत, नाहीतर खाताना सुईसारखी टोचतात. उघडे पडलेले देठ टाकू नका, ते पोटात भरायचे आहेत.

हर्ब्स नेमके कुठे घालायचे? माझे नेहमी वरच जळून जातात.

कारण ते वर असतात. ओव्हनमधली कोरडी आच कापसासारख्या हलक्या पानांना पाच-दहा मिनिटांत करपवते आणि तो कडूपणा कातडीत उतरतो. शिवाय हर्ब्सचा वास पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळतो, तेव्हा त्यांना चरबीजवळ पोचवायला हवं.

योग्य जागा कातडीच्या खाली. ६० ग्रॅम मऊ लोण्यात चिरलेला थाइम एक मोठा चमचा, रोझमेरी एक छोटा चमचा, किसलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, एका लिंबाची किसलेली साल (फक्त पिवळी, पांढरी कडू असते) आणि मिरपूड मिसळा. मीठ आदल्या दिवशी लागलेलंच आहे, त्यामुळे लोणी बिनमिठाचं घ्या.

बोटातल्या अंगठ्या काढून ठेवा. पोटाच्या उघड्या टोकाकडून छाती आणि कातडी यांच्या मध्ये दोन बोटं सपाट सरकवा. मध्ये एक पातळ पापुद्रा लागतो, तो हलक्या दाबाने सुटत जातो. कातडी वर उचलू नका, मांसाला चिकटून पुढे जा, म्हणजे फाटत नाही. तशीच वाट मांड्यांपर्यंत करा. चमच्याने लोणी आत सोडा आणि बाहेरून कातडीवर हात फिरवून सारखं पसरवा. मांड्यांकडे थोडं जास्त जाऊ द्या. हे मीठ मुरल्यानंतर, भाजायच्या आधी करायचं.

बाहेरच्या कातडीवर पानांचा एक तुकडाही नको. तिथे फक्त तेलाचा पातळ हात.

वाळलेले हर्ब्स चालतील का?

पहिल्या गटातले चालतील. ताज्याच्या एक तृतीयांश घ्या आणि लोण्यात मिसळून अर्धा तास ठेवा. दुसऱ्या गटातले वाळलेले घेऊ नका. वाळलेल्या पार्सलीला रंगाशिवाय काही उरलेलं नसतं.

लोणी, तेल की तूप?

तिघांची कामं वेगळी. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी आणि थोडा दुधाचा अंश असतो. तो अंश खमंग होतो आणि जास्त आचेला जळतोही. म्हणून लोणी कातडीखाली, जिथे ते सुरक्षित असतं. वरून तेल किंवा तूप लावा. त्यांत पाणी नसतं, त्यामुळे कातडी लवकर कोरडी आणि सोनेरी होते. एक मोठा चमचा पुरतो.

पोटात काय भरायचं?

सुवास देणाऱ्या गोष्टी, त्याही सैल. अर्धं लिंबू, अर्धा कांदा, सालीसकट लसणाचा अर्धा गड्डा, थाइमच्या काड्या आणि ते जपून ठेवलेले देठ. ठासून भरलं की गरम हवा आत फिरत नाही आणि मांड्या मागे राहतात. खरं सांगायचं तर पोटातल्या गोष्टींची चव छातीच्या मांसापर्यंत फारशी जात नाही. ती जाते पोटात जमणाऱ्या रसात, आणि तो रस ग्रेव्हीसाठी सोन्यासारखा असतो.

पावाचं किंवा भाताचं सारण भरलं तर त्याच्या मधोमध ७४ अंश सेल्सियस तापमान यायलाच हवं, कारण त्यात कच्चा रस मुरलेला असतो. तोवर छाती कोरडी पडते. सारण वेगळ्या भांड्यात भाजा.

पाय बांधायचे का?

सैल बांधा किंवा बांधूच नका. घट्ट बांधलेली कोंबडी दिसते छान, पण मांडीच्या आतल्या बाजूला आच पोचत नाही, आणि तीच जागा सगळ्यात उशिरा शिजते. पंखांची टोकं तेवढी पाठीखाली मुडपा, ती लवकर करपतात.

भाजण्याआधी फ्रिजबाहेर किती वेळ ठेवायची?

अर्धा तास, लोणी लावून ओव्हन तापेपर्यंत. त्याहून जास्त ठेवून आतलं तापमान विशेष वाढत नाही.

ओव्हन किती तापवायचा आणि वेळ किती?

ओव्हन २२० अंश सेल्सियसवर निदान २० मिनिटं आधी तापवा. कोंबडी छाती वर करून ठेवा, पाय ओव्हनच्या आतल्या बाजूला, कारण बहुतेक ओव्हन मागे जास्त तापतात. २० मिनिटांनी तापमान १८० वर आणा आणि आणखी ४५ ते ५५ मिनिटं भाजा. सुरुवातीची तीव्र आच कातडीतली चरबी वितळवते, पुढची मध्यम आच मांस आतपर्यंत शिजवते. पंखा सुरू असेल तर दोन्ही वेळा २० अंशांनी कमी ठेवा.

ट्रे कमी उंचीच्या काठाचा घ्या. खोल भांड्यात मांड्या वाफेत शिजतात आणि पांढऱ्या राहतात. बिडाचा जाड तवा असेल तर तो ओव्हनमध्येच तापू द्या आणि कोंबडी त्यावर ठेवा, म्हणजे मांड्यांना खालूनही आच मिळते. काचेचं भांडं मात्र रिकामं तापवून त्यात फ्रिजमधली थंड कोंबडी ठेवू नका, ते तडकतं.

ही वेळ अंदाजे आहे. घरच्या ओव्हनचं बटण दाखवतं एक आणि आत असतं दुसरं, असं पुष्कळदा होतं. ५० मिनिटांनंतर तापमान मोजायला लागा.

शिजली हे कसं ओळखायचं?

सुईच्या थर्मामीटरने. या कामासाठी एकच नवी वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, जिथे मांडी अंगाला चिकटते तिथे, सुई टोचा. हाडाला टेकू देऊ नका, आकडा चुकतो. सुरक्षिततेसाठी सगळीकडे किमान ७४ अंश लागतात. मांडीत मी ८० च्या आसपास पोचू देते, कारण तिच्यात चिवट जोडतंतू जास्त असतात आणि ते त्या तापमानाला विरघळून मांस मऊ करतात. छाती मात्र ८० ला भुसभुशीत होते. छातीत ७१-७२ दिसले की कोंबडी बाहेर काढा. बाहेर आल्यावरही आतलं तापमान तीन ते पाच अंश चढतं. दहा मिनिटांनी पुन्हा मोजून ७४ ची खात्री करा.

थर्मामीटर नसेल तर तीन गोष्टी एकत्र बघा. मांडीच्या सांध्यात सुरी घातल्यावर रस स्वच्छ यावा, तंगडी हलवली की सांधा सैल वाटावा आणि सांध्याजवळचं मांस अपारदर्शक, घट्ट दिसावं. यांतली कोणतीही एक खूण एकटी पुरेशी नाही. शंका आली तर दहा मिनिटं आणखी ठेवा.

हाडाजवळ गुलाबी दिसतं. कच्ची आहे का?

तापमान ७४ च्या वर गेलं असेल तर नाही. कमी वयाच्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात आणि भाजताना मगजातला लाल रंग आसपासच्या मांसात उतरतो. उलट पांढरं दिसणारं मांस कमी शिजलेलं असू शकतं. मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवा.

छाती कोरडी आणि मांडी कच्ची, हे दर वेळी होतं. उपाय काय?

छाती आणि मांडी यांना वेगवेगळं तापमान लागतं आणि आपण त्यांना एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळेत बसवतो, अख्ख्या कोंबडीची खरी मेख तीच. मीठ आधी लावलं की छातीला चूक पचवायची थोडी सवलत मिळते. पाय मोकळे सोडणं, ते ओव्हनच्या मागच्या बाजूला ठेवणं, तापलेला तवा वापरणं, हे सगळं मांडीला पुढे आणण्यासाठी आहे. छाती फार लवकर रंगली तर तिच्यावर फॉइलचा तुकडा सैल ठेवा.

तरीही जमत नसेल तर कोंबडी चपटी करा. मजबूत कात्रीने पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून कणा काढा, कोंबडी उलटी करा, छातीच्या हाडावर तळहाताने जोर द्या. कट्‌ असा आवाज येतो आणि ती पुस्तकासारखी उघडते. आता मांड्या बाहेरच्या बाजूला आहेत, सगळी कातडी वर आहे आणि २२० अंशांवर ४० ते ४५ मिनिटांत काम होतं. अख्ख्या कोंबडीचा थाट जातो, पण रोजच्या जेवणाला मी हीच पद्धत सुचवेन. काढलेला कणा स्टॉकला, म्हणजे हाडं उकळून केलेल्या पाण्याला, ठेवा.

मध्ये मध्ये रस वरून ओतायचा का?

नको. तो रस मांसात शिरत नाही, कातडीवरून ओघळून परत ट्रेमध्ये येतो. वर कातडी ओली होते, आणि दर वेळी दार उघडल्याने ओव्हन गार होतो.

कातडी कुरकुरीत होतच नाही.

ओलावा कुठून येतोय ते शोधा. कातडी जोवर ओली आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. सोनेरी रंग आणि खमंग वास देणारी क्रिया साधारण १४० च्या पुढे वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. म्हणजे आधी पाणी संपायला हवं. रात्रभर उघडी ठेवली होती का? खोल भांड्यात भाजली का? लिंबाचा रस वरून पिळला का? भाजून झाल्यावर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळली का? बहुतेकदा यांपैकी एक असतं.

मिठात पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर मिसळली तर कातडी थोडी अल्कधर्मी होते आणि रंग लवकर चढतो. बेकिंग सोडा नव्हे, त्याची साबणासारखी चव येते.

कातडी काढलेलीच कोंबडी मिळाली तर?

मग कुरकुरीतपणाचा विचार सोडून द्या आणि ओलावा जपायच्या मागे लागा. ८० ग्रॅम लोणी किंवा पाऊण वाटी तेलात भरपूर चिरलेला थाइम, लसूण आणि लिंबाची साल घालून कोंबडीला जाड लेप द्या. १८० अंशांवर पहिली ४० मिनिटं फॉइलने झाकून भाजा, मग फॉइल काढा. वरचा थर हलका तांबूस झाला आणि तापमान आलं की थांबा. इथे पानं वर असली तरी झाकणामुळे आणि चरबीमुळे जळत नाहीत.

ओव्हनमधून धूर येतो.

तापलेल्या कोरड्या ट्रेवर चरबी पडली की धूर होतो. कोंबडीखाली कांद्याच्या जाड चकत्या किंवा भाज्या पसरा. दुसरं कारण म्हणजे ओव्हनमध्ये आधीपासून साचलेली चरबी. तो आधी पुसून घ्या.

खाली बटाटे, गाजर भाजता येतील का?

नक्की. बटाट्याचे मोठे तुकडे आणि गाजराचे त्याहून थोडे जाड तुकडे करा, मीठ चोळा, एका थरात पसरा. एकावर एक रचले तर वाफेत शिजतात. कोंबडी विश्रांती घेत असताना ट्रे परत २२० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, तेव्हा त्यांना खरा रंग येतो.

मोठा ओव्हन नाही. ओटीजी, मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर?

ओटीजीत उत्तम होते. फक्त कोंबडी आणि वरचा रॉड यांच्यात निदान चार बोटं अंतर ठेवा. मायक्रोवेव्ह फक्त कन्व्हेक्शनवर (गरम हवेने भाजण्याच्या सोयीवर) वापरा. नुसत्या मायक्रोवेव्ह लहरींनी काही भाग शिजतात, काही कच्चे राहतात. एअर फ्रायरमध्ये सव्वा किलोपर्यंतची कोंबडी मावते. १८० अंशांवर आधी छाती खाली करून अर्धा तास, मग उलटून तापमान येईपर्यंत.

यांतलं काहीच नसेल तर जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं. तेल-लोण्यात कोंबडी सगळ्या बाजूंनी शांतपणे लाल करा, थाइम, लसूण आणि अर्धी वाटी पाणी घाला, झाकून मंद आचेवर साधारण तासभर ठेवा. कातडी मऊ राहील, पण मांस आणि खालचा रस इतका चांगला होतो की मला ही पद्धत कमी दर्जाची वाटत नाही.

लगेच कापली तर काय होतं?

रस फळीवर वाहून जातो. १५ ते २० मिनिटं थांबा. तेवढ्यात रस थोडा दाट होतो आणि मांसात टिकतो. झाकू नका, किंवा फॉइल तंबूसारखं सैल ठेवा. एवढी मोठी कोंबडी वीस मिनिटांत गार होत नाही.

कापायची कशी?

आधी तंगड्या. मांडी आणि अंग यांच्या मधली कातडी कापा, पाय बाहेर वळवा, सांधा आपोआप उघडतो. त्यातूनच सुरी घाला, हाडावर चालवू नका. मग छातीच्या मधल्या हाडाच्या एका बाजूने, बरगड्यांना टेकून सुरी खाली नेत पूर्ण तुकडा काढा आणि त्याचे आडवे काप करा. शेवटी कोंबडी उलटी करून बघा. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मांडीच्या वर, दोन छोटे गोल तुकडे असतात. सगळ्या कोंबडीत तेच सर्वात मऊ आणि चविष्ट. भाजणाऱ्याने ते खुशाल आपल्याकडे ठेवावेत.

आत्ता दुसऱ्या गटातल्या हर्ब्सची वेळ. पार्सली किंवा बेसिल चिरा, थोडी लिंबाची साल किसून मिसळा आणि गरम कापांवर भुरभुरा.

ट्रेमधल्या रसाचं काय करायचं?

कोंबडी तिरकी करून पोटातला रसही त्यातच घ्या. वर आलेली चरबी चमच्याने काढा, एक मोठा चमचा मागे ठेवा. ट्रे मंद आचेवर ठेवून (काचेचा असेल तर सगळं कढईत घेऊन) एक मोठा चमचा मैदा परता, कच्चा वास गेला की एक वाटी गरम स्टॉक किंवा पाणी थोडं थोडं घाला. तळाला चिकटलेलं लाकडी उलथन्याने खरवडत रहा, चव तिथेच असते. ग्रेव्ही दाट झाली की गाळा. मीठ शेवटी चाखून, कारण रस आधीच खारट असतो. ताजा थाइम घालायचा तर आच बंद केल्यावर.

उरलेली कोंबडी किती दिवस टिकते?

जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत हाडांवरून मांस काढून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस चांगली राहते. फ्रीझरमध्ये तीन-चार महिने. गरम करताना थोडा स्टॉक शिंपडून झाका आणि वाफ निघेपर्यंत तापवा. छातीचे काप गारच सँडविचमध्ये जास्त चांगले लागतात, पुन्हा तापवून ते कोरडेच होतात.

हर्ब्सची अर्धी जुडी उरते. ती कशी टिकवावी?

रोझमेरी, थाइम, सेज ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. पार्सली, कोथिंबीर पाण्याच्या पेल्यात उभी करून. बेसिल फ्रिजबाहेर, थंडीने ते काळं पडतं. याहून चांगला मार्ग म्हणजे कातडीखालच्या लोण्याची मात्रा दुप्पट करून त्यातलं अर्धं गुंडाळून फ्रीझरला ठेवणं. पुढच्या कोंबडीची तयारी तिथेच होते. कच्चा लसूण आणि हर्ब्स तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला मात्र ठेवू नका. हवाबंद तेलात बॉट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जिवाणू विष तयार करू शकतात, आणि ते वासावरून कळत नाही.

हाडं टाकून द्यायची का?

अजिबात नाही. पोटातलं लिंबू काढून टाका, त्याने स्टॉक कडवट होतो. सांगाडा, कापलेला कणा, पंखांची टोकं, एक कांदा, एक गाजर, पार्सलीचे देठ आणि तमालपत्र पातेल्यात घाला, बुडेल इतकं गार पाणी ओता आणि मंद आचेवर दोन ते तीन तास ठेवा. अधूनमधून एखादा बुडबुडा यावा इतपतच. खळखळा उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून स्टॉक गढूळ होतो. मीठ घालू नका, हाडांना लागलेलं असतंच. गाळून, पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी जेलीसारखा थरथरला तर उत्तम जमला. वरची चरबी काढून वेगळ्या वाटीत घ्या, बटाटे भाजायला ती वापरता येते.